तिसऱ्या पानावरचा आरसा

अठ्ठेचाळीस चुका, आणि एकूण एक तिसऱ्या पानावर. नव्या विभागप्रमुख बाईंनी फाइल मिटली, पुन्हा उघडली. लिफ्ट बनवणाऱ्या एवढ्या मोठ्या कंपनीत चुका व्हायच्याच. पण या सगळ्या एकाच माणसाच्या होत्या, आणि सगळ्या लिफ्टमधल्या आरशाच्या. आरसा कधी गुडघ्याशी, कधी थेट छताला. त्याभोवती आधीच्या प्रमुखांचं लाल वर्तुळ. बाकीच्या ड्रॉइंगमध्ये केसाएवढाही फरक नाही.

ज्याच्या चुका सर्वांत जास्त त्याला कमी करायचं, असा वरून हुकूम आला होता. तशी शिफारस बाईंनी विभागाच्या पाच पानी अहवालात करायची आणि दुपारी संचालकांची सही घ्यायची. संचालक म्हणजे ते आधीचे प्रमुखच, बढती मिळून वर गेलेले.

बाईंना चैन पडेना. त्यांनी ड्राफ्ट्समनकाकांना बोलावलं. काकांची नोकरी बावीस वर्षांची, धाकट्या मुलीचं शिक्षण अजून व्हायचं होतं.

"काका, आरशाशी तुमचं काय वाकडं आहे?"

काका आधी हसले, मग दाराकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "मॅडम, ती चूक साहेबांसाठी असायची. एक सापडली की ते खूश होऊन सही करायचे. नाही सापडली तर अख्खं ड्रॉइंग बदलायला लावायचे. एकदा त्यापायी लिफ्टचा दरवाजा भिंतीकडे उघडला. तेव्हापासून आम्ही त्यांना आरसा देतो."

"पण तिसऱ्याच पानावर का?"

"पहिल्यावर ठेवली तर त्यांना शंका यायची. चौथ्यापर्यंत ते पोचायचे नाहीत."

बाईंना हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. ज्या युक्तीवर विभाग चालला, तीच आता या माणसाच्या गळ्याशी आली होती.

"मी साहेबांना सगळं सांगते."

"नको, मॅडम. इतकी वर्षं आपल्याला बनवलं असं वाटलं तर ते अख्ख्या विभागाला घरी बसवतील. माझं मी बघेन."

जेवणाच्या सुट्टीत बाई जागेवरून उठल्या नाहीत. काकांना ठेवावं, अशी ओळ त्यांनी सकाळीच पहिल्या पानावर लिहून ठेवली होती. ती त्यांनी खोडली आणि अहवाल नव्याने टाइप केला.

संचालकांनी लाल पेन हातात घेऊनच वाचायला सुरुवात केली. पहिलं पान उलटलं. दुसरं उलटलं. नुसती सही झाली तर काका उद्यापासून घरी, आणि त्यांना घरी पाठवणारी ओळ आपल्या हातची. तिसऱ्या पानावर पेन थांबलं.

"हे काय? वर लिहिलंय, विभागाची सगळी ड्रॉइंग हेच करतात. खाली लिहिलंय, यांना कमी करावं. मग ड्रॉइंग कोण करणार, तुम्ही?"

त्यांनी त्या ओळीभोवती वर्तुळ काढलं, बाजूला 'कायम ठेवावे' असं लिहिलं आणि उरलेली दोन पानं न वाचताच सही केली.

बाईंनी अहवाल उचलला. त्या दारापर्यंत पोचल्या, तेव्हा मागून हाक आली.

"मॅडम, जागा बरोबर निवडलीत. माझ्या साहेबांसाठी मीही तिसऱ्याच पानावर चूक ठेवायचो."