भावजयीच्या हातचं

ताईने भावजयीच्या हातातलं ताट हिसकावलं आणि भातासकट मोरीत उपडं केलं.

"आजपासून माझा भाऊ या घरात घोटभर पाणीसुद्धा घेणार नाही!"

भावजय पदराला हात पुसत उभी राहिली. चेहरा मख्ख. आतल्या खोलीत भाऊ उशीला टेकून धापा टाकत होता. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती बिचाऱ्याने. शहरभर बोअर पाडत फिरणारा धिप्पाड गडी, आणि आता शर्टाची बटणं लावतानाही दम लागायचा. आधी साखर, मग रक्तदाब, मग छातीतल्या कळा. एकेक दुखणं हात धुऊन मागे लागलं होतं.

गोळ्या बदलून बदलून डॉक्टर थकले. शेवटी त्यांनी केस आणि नखं तपासायला पाठवली आणि उत्तर आलं : आर्सेनिक.

"थोडं थोडं पोटात जातंय, बऱ्याच दिवसांपासून. हृदय आणि साखर त्यानेच बिघडलीय. घरचं खाणंपिणं बघा," डॉक्टर म्हणाले.

आर्सेनिक म्हणजे सोमल, एवढं ताईला कळत होतं. भावाने मात्र सगळं हसण्यावारी नेलं. "काहीतरीच! दुसऱ्या कुणाची तरी नखं तपासली असतील."

त्यानंतर काल बाजारात भावाच्या शेजारणीने ताईला बाजूला घेतलं आणि कानाशी लागून म्हणाली, "तुमची भावजय त्याच्या जेवणात काहीतरी मिसळते. मी डोळ्यांनी पाहिलंय. न्या हो त्याला इथून."

ताईला रात्रभर झोप नव्हती.

"काय घालतेस त्याच्या जेवणात?" तिने आता विचारलं.

"माझ्याच हातचं खातात ते. मी काय सांगणार?"

"अगं, निदान नाही तरी म्हण, बये!"

भावजयीने कपाटातून गोळ्या काढून दिल्या. "पांढरी साखरेची, जेवणाआधी द्यायची. गुलाबी छातीची. आणि वन्सं, त्यांना परत पाठवू नका."

काय ही हिंमत! ताईचं डोकं सणकलं. भाऊ जायला तयार नव्हता. "ताई, ती असं काही करणार नाही गं," एवढंच म्हणत राहिला. ताईने रडून, ओरडून, स्वतःची शपथ घालून त्याला रिक्षात बसवलं. भावजय आडवी आली नाही. त्याच्या कपड्यांची पिशवी तिने आधीच भरून ठेवली होती.

ताईच्या घरी भाऊ हळूहळू सावरला. साखर ताब्यात आली. धाप कमी झाली, मग तो जिनाही चढायला लागला. ताईला कोण आनंद! जो भेटेल त्याला ती सांगत सुटली. भावजय घरी शिवणकाम करायची. बायकांनी अर्धवट शिवलेले कपडे परत नेले. वाण्याने उधारी बंद केली. रस्त्यात पोरं तिच्याकडे बोट दाखवायची. भाऊ सगळं ऐकायचा. पहिल्यासारखं 'ती असं करणार नाही' म्हणणं त्याने केव्हाच सोडून दिलं होतं.

एकदा भावजय ताईच्या दारात आली. जिन्याने तिला इतका दम लागला होता की चौकट धरून उभी राहिली.

"कसे आहेत?"

"तुझ्या तावडीतून सुटलाय, म्हणजे बराच आहे."

"पाणी नळाचंच देता ना?"

"मग काय, तुझ्यासारखं काहीतरी घोळून देऊ? चालती हो!"

ताईने दार लावून घेतलं. आतून तिला भावजयीची धाप ऐकू आली. नाटकं मेली, असं पुटपुटत ती स्वयंपाकघरात गेली.

पुढच्या महिन्यात भावजय शिलाई मशीनवरच गेली. हृदय बंद पडलं, म्हणाले. ताईच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. भावाचे उरलेले कपडे आणायला ती त्या घरी गेली, तेव्हा शेजारीण पायरीवर गुडघ्यांत डोकं घालून रडत होती.

"रडतेस कशाला? तू सांगितलंस म्हणून माझा भाऊ वाचला. तुझे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत."

शेजारणीने वर पाहिलं. "विष पाण्यात होतं, ताई. इथे अंगणात त्याने स्वतः पाडलेल्या बोअरच्या. तिने ते पाणी तपासून आणलं होतं, जमिनीतलंच आर्सेनिक निघालं. 'मी पाडलेल्या बोअरला नावं ठेवतेस? लोकांना कळलं तर मला काम कोण देईल?' म्हणून तो तिच्या अंगावर धावून गेला. तिने माझ्या नळाचं पाणी नेलं, तर त्याने माठ फोडला. तीही इतकी वर्षं तेच पीत होती, त्यातच शिजवत होती."

"मला का नाही सांगितलं?"

"भावाच्या विरुद्ध एक शब्द तरी ऐकला असता तुम्ही?"

ताई पायरीवरच बसली. "मग... तू डोळ्यांनी पाहिलं म्हणालीस, ते?"

"मी काहीच पाहिलं नव्हतं. तिने माझे पाय धरले होते. म्हणाली, 'वन्संना सांग, मी ह्यांच्या जेवणात विष घालते. तेवढं ऐकलं की त्या ह्यांना इथून घेऊन जातील.'"