तसलं काही नाही

सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंना वॉर्डच्या दारातच गाठलं आणि मास्क हनुवटीवर ओढून जाब विचारला. दोन्ही पोरं एकाच पोटातली, जुळी. दोघांना एकाच दिवशी ताप भरला, दोघांचा रिपोर्ट कोरोनाचाच आला. त्यातला काडीपैलवान घरी बसून बरा झाला, आणि हा अंगापिंडानं भरलेला, तो मात्र दवाखान्यात आल्यापासून खालावत चाललाय. मग तुम्ही त्याला करताय तरी काय?

धाकटी सून मागे पाण्याची बाटली घेऊन उभी होती. काडीपैलवान म्हणजे तिचा नवरा. लिफ्टची दुरुस्ती करणारा, चार मजले चढला तरी धाप न लागणारा. थोरल्या जाऊबाई स्वतःच तापानं आडव्या झाल्या होत्या म्हणून दिरांसाठी धावपळ करायला ही आली होती. आल्यापासून सासूबाईंनी तिला तीनदा ऐकवलं होतं, की जगायचं होतं ते पोर मरायला टेकलंय आणि तुझा बघ.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण तिळपापड व्हायची तिला सवय होती.

चार वर्षांपूर्वी नवऱ्याच्या पायाची जखम भरेना म्हणून तिनं त्याला बळेबळे तपासायला नेलं, तर साखर निघाली. त्या दिवसापासून तिनं स्वयंपाकघराची सूत्रं हातात घेतली. ताटातला भात अर्ध्यावर आला, गोडाचा डबा घरातून गेला, जेवण झालं की नवऱ्याला ती स्वतः फिरायला हाकलायची. तो कुरकुरायचा, मग जायचा. सासूबाईंनी मात्र गल्लीभर डांगोरा पिटला की धाकटीचा हात आखडता, पोराला उपाशी मारते.

तेव्हाच ती म्हणाली होती, भाऊजींचीही साखर तपासून घेऊ, जुळे आहेत. भाऊजी हसून पोटावरून हात फिरवत बसले. त्यांचं काम बँकेत खुर्चीवरचं, आणि घरी आले की दुसरी खुर्ची तयार. सासूबाई मात्र कडाडल्या होत्या. “तसलं काही नाही आपल्याकडे.” आजाराचं नावसुद्धा त्या घेत नसत. थोरल्याच्या पोटाला त्या सुखाचं बाळसं म्हणत आणि दृष्ट लागेल म्हणून त्यावर बोलूही देत नसत. चाळिशीच्या माणसाला बाळसं! धाकटीला हसावं की रडावं कळायचं नाही.

एका गोष्टीपुरती मात्र ती सासूबाईंना मानायची. म्हातारी स्वतः चिमणीएवढं खायची. चहा बिनसाखरेचा, गोडाला तर बोट लावायची नाही. आपल्या वाटणीचं सगळं थोरल्याच्या ताटात सरकवायची. आईची माया आंधळी असेल, पण माया खरी, असं धाकटी मनाशी म्हणायची आणि पुढचा टोमणा गिळायची.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या डोळ्यांखाली चष्म्याचे वळ उठले होते. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं की मुलाला आणलं तेव्हा त्याची साखर भलतीच वाढलेली होती. रक्तदाबही चढलेला, लिव्हरवर चरबी. हे दोन दिवसांत होत नाही, वर्षानुवर्षं आत साठत जातं. अशा शरीरात या विषाणूला रान मोकळं मिळतं. बाहेरून भरलेला दिसला म्हणून माणूस आतून धडधाकट असतोच असं नाही.

“साखर कधीपासून आहे त्याला?” त्यांनी विचारलं.

“तसलं काही नाही.”

“घरात कुणाला?”

“नाही म्हटलं ना.”

आता धाकटीला राहवेना. एवढ्या मोठ्या दवाखान्यात, दाराआड माणूस श्वासासाठी झगडत असताना, ही बाई अजून गल्लीत काय म्हणतील याचा विचार करतेय? तिनं बाटली बाकावर आदळली.

“खोटं आहे हे, डॉक्टर. माझ्या नवऱ्याला आहे. त्याची गोळी आणि पथ्य मी एक दिवस चुकू दिलं नाही.”

“तू गप्प बस,” सासूबाई म्हणाल्या.

“चार वर्षं गप्पच बसले होते. भाऊजींची तेव्हाच तपासू दिली असतीत तर आज इथे उभं राहावं लागलं नसतं.”

डॉक्टरीणबाई धाकटीकडे वळल्या. म्हणाल्या, धाकट्याच्या बाबतीत थोडं नशीबही असेल, पण साखर ताब्यात होती त्याचा फार मोठा आधार झाला. थोरल्याला इन्सुलिन चालू केलंय, ऑक्सिजन वाढवलाय, पण भरवसा देता येत नाही. संध्याकाळपर्यंत काय ते कळेल. एवढं बोलून त्या आत जायला निघाल्या.

सासूबाईंचं सगळं अवसान गळालं. त्यांनी डॉक्टरीणबाईंची बाही धरली. दुसऱ्या हातानं पर्स चाचपली, आतल्या कप्प्याची चेन उघडली आणि गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी बाहेर काढली. धाकटीनं ती लगेच ओळखली. रोज जेवणाआधी ती नवऱ्याच्या हातावर ठेवायची, त्याच गोळ्या.

“ह्या द्या त्याला,” सासूबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “मला वीस वर्षं लागू पडल्यात.”