आसरांचा दिवा

बादली दोरावरून हळूहळू खाली गेली. तिच्यात दिवा होता. नीलम कठड्यावर ओणवून बघत राहिली. विहीर खोल होती. तळाशी काळा गाळ, त्यावर उसाचं कुजलेलं पाचट. बादली पाचटावर टेकली. दिवा जळत होता.

"झालं का समाधान, मास्तरीणबाई?" तिचा नवरा दत्ता म्हणाला.

"थांबा हो जरा. असा लगेच विझत नसतो."

नीलम राहू गावातल्या पोरांची इंग्रजीची शिकवणी घ्यायची. आदल्या संध्याकाळी तिनं त्यांना 'डॅम्प' हा शब्द शिकवला. ओलसर, एवढाच अर्थ. पोरं गेल्यावर तिनं फोनवर शब्दाचं मूळ शोधलं आणि जेवताना घरात सांगितलं. हा शब्द जर्मन मुलखाकडून आला. तेव्हा त्याचा अर्थ ओल नव्हता, वाफ होता. पुढं खाणीतले मजूर तळाला साचणाऱ्या विषारी हवेला डॅम्प म्हणायला लागले. ती डोळ्यांना दिसत नसे. म्हणून ते आधी दिवा न्यायचे. दिवा विझला की मागं फिरायचं. ओलसर हा अर्थ फार नंतरचा.

"आपली विहीर किती वर्षं बंद हाय," ती म्हणाली. "उद्या आधी दिवा सोडायचा. त्याबिगर ह्यांना उतरू देणार न्हाई."

सासरे सर्जेराव हसले. "इंग्रजीत ओल्याला बी इख चढतं व्हय?"

सासू तुळजाबाई हसल्या नाहीत. "खरं बोलतीया ती. आमच्या सासूबाई बी गाळ काढायच्या आधी दिवा सोडायच्या. इहिरीतल्या आसरांसाठी, पाण्याच्या देवींसाठी. दिवा इझला म्हंजी आसरा रुसल्या. मी सोडीन."

नीलमला बरं वाटलं. आपलं ऐकणारं घरात कुणीतरी निघालं.

नदीवरून पाइपलाइन आली तेव्हापासून विहिरीवर पत्रे टाकलेले होते. यंदा नदी आटली. गाळ काढायला माणसं यायच्या आत तळातली जुनी मोटर सोडवायची होती. सकाळी नीलम दोर घेऊन पोचली, तोवर तुळजाबाईंची पूजा झाली होती. कठड्यावर हळदकुंकू होतं, नारळ फोडलेला होता. दगडावर तेल सांडलं होतं, जळक्या काड्या पडल्या होत्या. तुळजाबाई पदर सावरून बादली सोडायलाच उभ्या होत्या.

नीलमनं दत्ताच्या कमरेला दोर बांधला. पुन्हा खाली पाहिलं. ज्योत बारीक हलत होती, पण विझत नव्हती.

"दिवा जळतोय. मग ह्यो दोर कशाला?" दत्ता म्हणाला. "उतरताना पायात येतोय नुसता."

नीलमनं आणखी एकदा दिव्याकडं पाहिलं. मग गाठ तिनंच सोडली.

दत्ता दगडांच्या खोबणीत पाय देत उतरला. तळाशी पोचल्यावर त्यानं वर पाहिलं. काहीतरी बोलायचं असल्यासारखं तोंड उघडलं. मग तो पाचटावर बसला आणि एका कुशीवर पडला. बादलीच्या अगदी शेजारी.

"चक्कर आली वाटतं त्याला!" सर्जेराव धोतर खोचून कठड्यावर चढले. नीलमनं त्यांच्या पायांना मिठी मारली. "मामा, नका! तुम्ही बी राहाल खाली!"

"अगं, सोड! दिवा जळतोय की!"

तिनं सोडलं नाही. वस्तीवरची माणसं धावत आली. कुणी यवतच्या पोलिसांना फोन केला. दत्ता हलला नाही.

दुपारी तोंडाला नळी आणि पाठीला सिलिंडर लावलेली माणसं आली. त्यांनी दत्ताला वर काढून लिंबाखाली ठेवलं. नीलम त्याच्या उशाशी बसली. आपल्याला कळलेलं सगळं खोटं, खाणीतली ती माणसं खोटी, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. शेवटी कुणीतरी बादली ओढून घेतली आणि तिच्यासमोर ठेवली. दिवा अजून जळत होता.

तुळजाबाई धाय मोकलून रडायला लागल्या.

"तू यायच्या आधी दोनदा इझला गं! घरात अपशकुन नको, तू बी भ्याली असतीस. म्हणून मी गणपतीच्या आराशीतला सेलवरचा आणून ठेवला."

नीलमनं बादलीवर वाकून जोरात फुंकर मारली. ज्योत तशीच हलत राहिली.