काचेपलीकडची अक्षरं

"फा," कान तपासणारी निकिता माईकमध्ये म्हणाली.

"फा," काचेच्या खोलीतून स्पीकरवर श्रीनिवासरावांचा आवाज आला.

"लो."

"लो."

निकिताच्या शेजारी बसलेल्या वासंतीबाईंचं काळीज खाली खाली जात होतं. धायरीच्या या कानांच्या दवाखान्यात नवऱ्याला त्यांनीच ओढून आणलं होतं. कान गेले असतील, तर यंत्र बसवू. धड असतील, तर हा माणूस इतकी वर्षं आपल्याला मुद्दाम उत्तर देत नाही. मग सरळ मांजरी गावाला, बहिणीकडे. बॅग भरूनच ठेवली होती.

"शू."

"शू."

एवढंसं अक्षर, मागे ना पुढे काही, आणि हा गडी वरच्या वर झेलतोय. वर पहिल्या बाकावरच्या पोरासारखं निकिताकडे टक लावून बसलाय. घरी मात्र स्वयंपाकघरातून हाका मारून घसा बसला तरी ढिम्म. सोसायटीत म्हणे यांच्यासारखं मन लावून कुणी ऐकत नाही. अपवाद फक्त वरच्या मजल्यावरच्या अनंतरावांचा, त्यांचं बोलणं ऐकून घेत नाहीत. त्यांच्या झुपकेदार मिशा यांना बघवत नाहीत. आणि मास्कच्या दिवसांत तर स्वारीने सगळ्या जगाशीच अबोला धरला होता.

"मा."

"बा."

"चालतं एखादं," निकिता म्हणाली. "कान छान आहेत, काकू. या वयात असे कान बघायला मिळत नाहीत."

"म्हणजे सगळं ऐकू येतं?"

"सगळं."

श्रीनिवासराव हेडफोन काढून हसत बाहेर आले. वासंतीबाईंनी त्यांच्याकडे पाठ फिरवली.

"मी मांजरीला चालले. कायमची," त्या भिंतीला म्हणाल्या.

"जाता जाता चहा घेऊ या का?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

वासंतीबाईंना काही उमजेना. हा कोडगेपणा म्हणायचा की थट्टा?

"मलाही बसव गं आत," त्या निकिताला म्हणाल्या. "बघू दे तरी, काय ऐकलंय यांनी."

दार लागलं. काचेपलीकडे निकिताचे ओठ मिटले, उघडले, गोल झाले. वासंतीबाई वाट बघत राहिल्या. कानांत नुसती शांतता. आपलेच कान गेले की काय?

निकिताने खाली यंत्राकडे पाहिलं. मग दार उघडून आत डोकावली.

"सॉरी, काकू. माईक सुरूच केला नव्हता मी. काकांच्या वेळीही नव्हता."