बिहोगोनं शेपटी उचलली

"वहिनी, हे काय करून ठेवलंस?" केबिरुंगी फाटकातच थबकली.

गोठ्याचं अंगण लख्ख होतं. काल संध्याकाळी पावलागणिक शेण होतं, आज औषधालाही नाही. वहिनीनं पहाटेच सगळं झाडून धुराच्या आगटीत घातलं होतं.

"पाहुणे यायचे, आणि शेण तसंच ठेवू? चार लोकांत नाक कापून घेऊ?" वहिनी म्हणाली.

झालं! परीक्षा शेणकिड्यांची, आणि प्रश्नपत्रिकाच आगटीत.

अंकोलेच्या या कुरणात गाईंना जंतांवरच्या सुया टोचायला लागल्यापासून शेणातले किडे मेले, शेण जागीच वाळत गेलं, गवत उगवेना. "दोन पावसाळे सुया थांबवा, किडे मी परत आणते," असं केबिरुंगीनं छाती ठोकून सांगितलं होतं. त्या किड्यांवर तिनं विद्यापीठात तीस वर्षं घासली होती. ती मुदत आज संपत होती; गाई पाण्यावर निघायच्या आत किडे दिसले नाहीत, तर सुया पुन्हा सुरू, आणि तिची विद्या गावासमोर मातीत. सुया विकणारा औषधवाला तर पेटी उघडूनच बसला होता.

तिचे बाबा, म्हातारे कारुहांगा, काठीवर हनुवटी टेकून बसले होते. "लोकांच्या लेकी लग्नात बापाला गाई मिळवून देतात," ते म्हणाले. "आमची ही शेणातली, किडे आणणार होती. तेही दिसेनात."

लोक खो खो हसले. पन्नाशी उलटली होती, तरी केबिरुंगीला ते लागलं.

"एका गाईनं शेण टाकेपर्यंत थांबा," ती म्हणाली. "एवढंच मागते."

मग काय, सगळा गाव गाईंच्या शेपट्यांकडे डोळे लावून बसला. ऊन चढलं. गाई ढिम्म. औषधवाल्यानं दोनदा घड्याळ पाहिलं. शेवटी गुराख्यानं शीळ घातली, कळप उठला, फाटकाकडे निघाला. आणि फाटकाच्या आत, अगदी उंबऱ्याशी, म्हाताऱ्या तांबड्या बिहोगोनं शेपटी उचलली.

शेणाचा पो पडला.

पहिला किडा घूंऽ करत आला तो थेट औषधवाल्याच्या टोपीवर आपटला. मागून दहा आले, मग शंभर. पो आतून हलायला लागला, गोळे सुटले, गोळ्यांवरून मारामाऱ्या जुंपल्या. बाबांनी कळप थांबवला आणि स्वतः वाकून बघत राहिले. गाई पाण्यासाठी हंबरत होत्या, पण जागचं कोणी हलेना. अखेर तिथे नुसती ओली माती उरली.

औषधवाल्यानं पेटी मिटली.

बाबा ताठ उभे राहिले. या लोकांत पराक्रम केलेला गडी काठी उंच धरतो आणि स्वतःचं कवन स्वतःच म्हणतो; ऐकणारे ओळीओळीला हुंकार देतात. बाईनं ते कधी म्हटलं नव्हतं. बाबांनी आपली काठी लेकीच्या हातात दिली.

"अहो, बाईच्या हातात काठी?" मागून कोणीतरी म्हणालं.

"गप रे! लढाई जिनं मारली, तिनंच ती गायची. उभी राहा गं," बाबा म्हणाले.

केबिरुंगीचे डोळे भरून आले. तिनं काठी उंच धरली.

"मी केबिरुंगी," ती गरजली, "कारुहांगांची शेणातली!"

सगळ्यांत मोठा हुंकार बाबांचा होता.