वहिनी अजून यायच्या आहेत

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच धावणार होती, तेही नवऱ्याने भरवलेल्या कॉलनीच्या दौडीत. "तू फक्त धाव. शेवटच्या वळणावर मी पाणी घेऊन उभा असेन," असं तो रोज सकाळी तिच्या गुडघ्याला पट्टा बांधताना म्हणायचा.

दौडीचा मात्र पार बोजवारा उडाला. रस्त्यात कुठे बाण नव्हते, पाणी पहिल्याच टेबलावर संपलं आणि दवाखान्यापाशी वाट दाखवायला ठेवलेला माणूस नाश्त्याला निघून गेला होता. ती भलत्याच गल्लीत शिरली आणि गोदामांच्या मागून वळसा घालून, लोकांना विचारत विचारत परत वाटेला लागली. गुडघा ठणकत होता. पण वळणावर तो वाट बघत असेल, या एका गोष्टीवर ती पळत राहिली.

वळणावर कुणीच नव्हतं. ती लंगडत मैदानात शिरली तेव्हा दोघं जण शेवटच्या रेषेवरची कमान उतरवत होते. मंडपाच्या कापडापलीकडे नवऱ्याचा आवाज आला, म्हणून ती हाक मारायला वळली. तेवढ्यात त्याच्या मित्राने विचारलं, "अरे, वहिनी अजून यायच्या आहेत ना? मग कमान कशाला काढायला लावलीस?"

चहाचा घोट घेत तो हसला.

"ती केव्हाच घरी गेली असेल रे. तिला झेपेल असं मला कधी वाटलंच नव्हतं, मी आपलं तिचं मन राखत होतो."