तलवारीचा दुसरा डाव

"उजवा खांदा उचलतोय. आत शिर!" थोरला म्हणाला, आणि धाकट्याने कळ क्षणभर उशिरा दाबली. राक्षसाची गदा तलवारवाल्या वीराच्या बरगडीत बसली. टीव्हीचा पडदा काळा झाला.

"कारखान्यात लेथवर केसाचाही फरक चालत नाही म्हणतोस ना?" थोरल्याला आपले वाक्य यंत्राच्या दोन श्वासांच्या मधल्या जागेत बसवावे लागे. "इथं तर बैलगाडी जाईल एवढी फट सोडतोस."

"हात दमले, दादा."

"माझे बघ. कधी म्हणून दमत नाहीत."

त्याचे हात पांघरुणावर होते. कुणी काढून विसरलेल्या हातमोज्यांसारखे. स्नायू झिजवणारा आजार बोटांपासून निघून आता छातीपर्यंत आला होता, आणि नाकावरच्या मास्कमधून यंत्र आत ढकलील तेवढीच हवा त्याची होती. धडधाकट असताना तो गाडी चालवायला शिकवी. दुसऱ्याच्या हातून काम करून घेण्याची त्याला जुनी सवय होती.

हा खेळ त्याने पूर्वी एकदा पुरा केला होता; पण दुरून, मंत्र फेकून. तो विजय त्याने कधी विजय मानला नाही. "लांबून दगड मारायचा आणि पळायचं, ह्याला काय लढणं म्हणतात?" म्हणून दुसऱ्या डावात मंत्र वर्ज्य, धनुष्य वर्ज्य, ढालसुद्धा वर्ज्य. एक तलवार, आणि राक्षसाचा श्वास अंगावर येईल इतके जवळ जाणे. हात धाकट्याचे, डोळे आणि हुकूम त्याचे.

अट मात्र त्याने खेळ सुरू करतानाच डॉक्टरीणबाईंना सांगून टाकली होती: शेवटचा राक्षस पडला की यंत्र काढायचे. बाईंनी पुन्हा पुन्हा विचारले. तो ढळला नाही. अखेर त्यांनी मान डोलावली. वहिनी रडली आणि मग तिनेही मान्य केले. धाकट्याने वाद घातला नाही. वाद घालणे त्याला कधी साधलेच नव्हते. त्याला हात तेवढे चालवता येत, आणि हे हात तो हरण्यासाठी चालवू लागला. कधी तलवार भिंतीला अडकवायची, कधी उडी आधीच घ्यायची. उघड हरणे कुणालाही जमते. संशय न येता हरायला जिंकण्याइतकेच कसब लागते.

त्या दुपारी वहिनीने त्याला स्वयंपाकघरात गाठले.

"भावजी, मला खेळातलं काही कळत नाही. पण तुमचा हात इतका वाईट नाही, एवढं कळतं."

धाकट्याने हातातला पेला ओट्यावर ठेवला.

"काल अंग पुसताना हे विचारत होते, राक्षसाचं किती उरलंय म्हणून. डोळे भरले होते ह्यांचे. माणसाला असं ताटकळत ठेवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला?"

"वहिनी, उद्या तो नसला तर..."

"तर माझा नवरा नसेल. ते मला शिकवू नका. जा, आणि नीट खेळा."

तो गेला आणि नीट खेळला. भिंत आड आली नाही, उडी आधी पडली नाही. हुकूम सुटावा आणि तलवार उतरावी, मध्ये काही नाही, असे ते चालले. राक्षसाच्या प्राणांची तांबडी पट्टी आखडत गेली. प्रथम थोरल्याचा आवाज चढला; मग टोमणे थांबले; मग हुकूम तुटक झाले. धाकट्याने मान वळवली नाही. पट्टी नखाएवढी उरली.

राक्षसाने उजवा खांदा उचलला.

ह्या घावाला तोड एकच होती. मागे सरणाऱ्याला गदा गाठते; जो तिच्या पोटाखाली शिरतो त्याच्या डोक्यावरून ती निघून जाते. हे थोरल्याने पहिल्याच दिवशी समजावले होते आणि त्यात त्याने कधीही फरक केला नव्हता. धाकट्याचा अंगठा पुढे झुकलाच होता.

"मागे!" थोरला ओरडला. "मागे हो!"

हाताने हुकूम पाळला. वीर मागे सरला. गदा पडली. पडदा काळा झाला.

घाईत जीभ घसरली, असे कुणी म्हणू शकेल. पण जीभ घसरली की थोरला आधी स्वतःला शिवी हासडी. आज त्याने हासडली नाही. त्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते, आणि कपाळावर घाम होता.

ओरडणे ऐकून वहिनी दाराशी आली. "काय झालं? पडला?"

थोरल्याने डोळे मिटलेलेच ठेवले.

"नाही," धाकटा म्हणाला. "माझा हात चुकला, वहिनी."

तिने त्याच्याकडे असे पाहिले की त्याने मान खाली घातली. मग ती दार लोटून घेऊन निघून गेली.

थोरल्याने डोळे उघडले. यंत्राने एक श्वास दिला. तो त्याने पुरता घेतला. दुसरा दिला, तोही घेतला. मग तो हळूच म्हणाला, "उद्याही चुकशील ना रे?"